भोंगा थांबल्यावर
(प्रस्तावना)

इंग्लंडमधल्या एका बँडच्या एका रेकॉर्डवर सोलापुरात बसून मराठीत पुस्तक कशाला, असं मला हे लिहिताना बऱ्याच जणांनी विचारलं. विचारणाऱ्यांत घरचेही होते. प्रश्न रास्त आहे, तेव्हा त्याचं उत्तर आधी देऊन टाकतो.

शाळेत असताना माझ्या एका मित्राच्या घरी, शहराच्या पूर्व भागात, जॅकार्डचे चार माग होते. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी आणि मागाच्या खोलीत नुसत्या खुणा. कारण तिथं बोललेलं ऐकूच यायचं नाही. शाळा सुटली की आम्ही दोघं तिथं जाऊन उभे राहायचो. मला चादरीपेक्षा मागाच्या डोक्यावर काय चाललंय ते बघायचा नाद होता. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची लांब माळ तिथं फिरत असायची. कार्डात जिथं भोक, तिथला धागा वर उचलला जाणार; भोक नसेल तिथला खालीच राहणार. मधून धोटा सटकन पलीकडं जायचा. एका कार्डाला धोट्याची एक फेरी. माळ संपली की पुन्हा पहिलं कार्ड आणि चादरीवर पुन्हा तेच फूल. तार तुटली की मित्राचे वडील माग थांबवायचे, दोन्ही टोकं चिमटीत धरून गाठ मारायचे आणि हँडल ओढायचे. एवढ्या खडखडाटात तार तुटलेली त्यांना कशी कळायची, हे कोडं मला कधी सुटलं नाही.

पुढं कॉलेजात कुणाच्या तरी कॅसेटवर 'ब्लू मंडे' ऐकलं. आधी नुसता ठोका, तोही माणसाच्या हातचा वाटत नाही असा एकसारखा. मग त्यावर एकेक थर चढत जातो आणि गाणाऱ्याचं तोंड उघडायला दोन मिनिटं लागतात. ते ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर नाचघर आलं नाही, पुठ्ठ्याची कार्डं आली. हे वाजवणाऱ्या यंत्राला सीक्वेन्सर म्हणतात हे नंतर कळलं. त्याचं काम कार्डांच्या माळेसारखंच चालतं : ओळीनं घरं, खूण असेल त्या घरात सूर, नसेल तिथं गप्प, ओळ संपली की पुन्हा पहिलं घर. ही मंडळी कुठली म्हणून शोधायला गेलो, तर तीही कापडगिरण्यांच्याच मुलखातली, मँचेस्टरची निघाली.

त्या मंडळींचं, म्हणजे 'न्यू ऑर्डर' या बँडचं, 'म्युझिक कम्प्लीट' नावाचं रेकॉर्ड २५ सप्टेंबर २०१५ रोजी आलं. त्याआधीचं पूर्ण रेकॉर्ड २००५ सालचं; मधे २०१३मध्ये आलं ते जुन्या ध्वनिमुद्रणांतून उरलेल्या गाण्यांचं. दहा वर्षांनी, साठीला टेकलेल्या या लोकांनी पुन्हा यंत्रं पुढं ओढली. त्या रेकॉर्डवर अकरा गाणी आहेत आणि या पुस्तकात त्यांवर अकरा टिपणं. टिपणांत शिरण्याआधी मागची हकीकत ठाऊक असावी, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

*

मँचेस्टर हे नाव आपल्याला शाळेपासून माहीत असतं, ते बहुधा रागानं. लँकेशायरच्या गिरण्यांच्या कापडानं आपल्या हातमागाचं कंबरडं मोडलं, हे आपण इतिहासात शिकलो. सोलापूरकरांचा या प्रकरणाशी संबंध जास्त जवळचा आहे. १८७७ साली इथं सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल उभी राहिली. तिला गावानं 'जुनी गिरणी' हेच नाव दिलं. मागून लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी आल्या. गावाचं घड्याळ भोंग्यावर चालू लागलं. मे १९३०मध्ये याच गिरणी कामगारांच्या शहरात इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिली. त्याच वर्षी सप्टेंबरात गांधीजी लँकेशायरमधल्या डार्वेन गावी गेले होते. आपल्या बहिष्कारामुळं ज्यांच्या गिरण्यांना टाळं लागलं, त्या कामगारांना ते भेटले आणि त्या कामगारांनी त्यांचं स्वागत केलं. माग इकडचा असो की तिकडचा, तो बंद पडला की चूल विझते, हे तिथल्या माणसांनाही कळत होतं.

आणखी एक साम्य सांगतो. लँकेशायरच्या गिरण्यांत बायका ओठ मोठमोठे हलवून, हातवारे करून बोलत; त्या बोलण्याला तिथं 'मी-मॉ' असं नाव होतं. मागाच्या खोलीतल्या खुणांना आपल्याकडं नाव नाही, पण गोष्ट तीच.

दुसऱ्या महायुद्धानंतर त्या गिरण्या एकेक करून मिटल्या. मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डमधल्या जुन्या चाळवजा घरांच्या रांगा साठ-सत्तरच्या दशकांत पाडल्या आणि माणसांना उंच इमारतींत नेऊन ठेवलं. बर्नार्ड समनर या मुलाचं बालपण अशाच एका पाडलेल्या गल्लीतलं. त्याचा शाळासोबती पीटर हूक. ४ जून १९७६ रोजी हे दोघं मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये 'सेक्स पिस्टल्स' या लंडनच्या पंक बँडचा कार्यक्रम ऐकायला गेले. प्रेक्षक जेमतेम मूठभर. फ्री ट्रेड हॉल म्हणजे खुल्या व्यापाराच्या विजयाचं स्मारक म्हणून बांधलेलं सभागृह. ज्या खुल्या व्यापाराची फळं आपल्या विणकरांनी चाखली, तोच हा. त्या इमारतीत त्या रात्री दोन पोरांना वाटलं, वाद्य न येणारे लोक बँड काढू शकतात, तर आपण का नाही?

पंक म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगायला मला एक सोपा दाखला सापडतो. १९५०-६०च्या दशकांत आपल्याकडं 'शब्द', 'असो' अशी लघुनियतकालिकं निघाली. प्रकाशक छापत नाही? मग सायक्लोस्टाइल करू, हातानं वाटू. पंकचा बाणा तोच. पण सायक्लोस्टाइलवर चार शिव्या छापून झाल्या की पुढं काय, हा प्रश्न उरतोच. ज्यांनी तो प्रश्न मनावर घेतला, त्यांच्या संगीताला पुढं 'पोस्ट-पंक' म्हणू लागले. त्यांनी पंकमधली मुभा ठेवली आणि आरडाओरडा सोडला. लीड्सच्या 'गँग ऑफ फोर'नं त्यात फंकचा ताल आणला. शेफील्ड हे पोलादाचं गाव. तिथल्या 'कॅबरे व्होल्टेअर' आणि 'ह्यूमन लीग'नं सिंथेसायझर आणला. मँचेस्टरमध्ये समनर आणि हूक यांना गायक मिळाला इयन कर्टिस आणि ढोलवादक मिळाला स्टीफन मॉरिस. हे दोघे मॅकल्सफील्डचे, म्हणजे रेशीम विणणाऱ्या गावचे. बँडचं नाव 'जॉय डिव्हिजन'. हे नाव नाझी छळछावण्यांवरच्या एका कादंबरीतून उचललेलं होतं आणि त्यावरून त्यांच्यावर टीका झाली. ती टीका अन्यायाची होती असं मला वाटत नाही. धक्का द्यायची हौस त्या पिढीला होती आणि प्रत्येक वेळी ती शहाणपणाची नव्हती.

टोनी विल्सन या टीव्हीवरच्या निवेदकानं आणि त्याच्या सोबत्यांनी मँचेस्टरमध्ये ध्वनिमुद्रिकांची कंपनी काढली. गावातल्या गिरण्या बंद पडत असताना तिचं नाव ठेवलं 'फॅक्टरी'. जून १९७९मध्ये तिनं 'अननोन प्लेझर्स' काढलं. निर्माता मार्टिन हॅनेट यानं मॉरिसला ढोलांचे तुकडे सुटेसुटे वाजवायला लावले, आवाजाला डिजिटल यंत्रातून प्रतिध्वनी दिला. ते रेकॉर्ड ऐकताना आपण चालू गिरणीत नाही, रिकाम्या गिरणीत उभे आहोत असं वाटतं. पत्रे तेच, छप्पर तेच. पण टाळी वाजवली तर तीच फिरून आपल्याकडं येते. यंत्र या संगीतात पहिल्यापासून होतं, हे वाचकानं लक्षात ठेवावं. पुढं होणाऱ्या वादात ते कामाला येईल.

*

कर्टिसला अपस्माराचे झटके येत. अमेरिकेच्या दौऱ्यावर निघण्याच्या आदल्या दिवशी, १८ मे १९८० रोजी, त्यानं आपलं आयुष्य संपवलं. वय तेवीस. या मृत्यूभोवती पुढं मोठी दंतकथा रचली गेली, टी-शर्ट विकले गेले. मला त्या दंतकथेत रस नाही. मागं राहिलेल्या तिघांनी पुढं काय केलं, यात आहे. त्यांनी बँडचं नाव बदलून 'न्यू ऑर्डर' ठेवलं, मॉरिसची मैत्रीण जिलियन गिल्बर्ट हिला कीबोर्ड आणि गिटारसाठी सोबत घेतलं आणि गायचं कुणी यावर बरीच टाळाटाळ करून ते काम समनरवर टाकलं. समनरचा आवाज कर्टिससारखा खोल नाही, पातळ आहे. तो गाताना चुकेल की काय अशी धाकधूक ऐकणाऱ्याला वाटते. तीच त्याची गोडी.

१९८१चं पहिलं रेकॉर्ड सुतकातलं वाटतं. मग मार्च १९८३मध्ये 'ब्लू मंडे' आलं : साडेसात मिनिटांचं, बारा इंची तबकडीवर. ढोल ओबरहाइम कंपनीच्या यंत्राचा. सूर चालवणारा सीक्वेन्सर समनरनं सुटे भाग आणून घरी जोडलेला. गिल्बर्टनं सूर कागदावर घराघरांत मांडून घेतले आणि मग यंत्रात भरले. भरताना एक घर चुकलं, म्हणून ती धून ठोक्याच्या किंचित मागंपुढं सरकलेली राहिली. त्यांनी ती तशीच ठेवली. मला यात तुटलेल्या तारेची गाठ दिसते. सोलापुरी चादरीवर बारकाईनं हात फिरवला तर अशी एखादी गाठ बोटाला लागते. ती दोष म्हणून काढायला गेलात तर कापड फाटेल. पीटर सॅव्हिलनं या तबकडीचं वेष्टन केलं संगणकाच्या फ्लॉपी डिस्कसारखं, भोकं कापलेलं. बँडचं नाव सरळ न छापता रंगीत चौकोनांच्या सांकेतिक लिपीत. भोकांची भाषा जॅकार्डपासून फ्लॉपीपर्यंत अशी चालत आली. जगात सर्वांत जास्त खपलेली बारा इंची एकेरी तबकडी म्हणून आजही 'ब्लू मंडे'चंच नाव घेतात.

तिच्याआधी वर्षभर मुंबईत काय झालं हेही सांगायला हवं, नाहीतर सगळी यंत्रं मँचेस्टरातच होती असा समज व्हायचा. हिंदी सिनेमांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२मध्ये रोलँड कंपनीची तीन यंत्रं जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर मुद्रित केले. फारसं कुणी विचारलं नाही. २०१०मध्ये ते रेकॉर्ड पुन्हा निघालं, तेव्हा जगभरचे ऐकणारे चकित झाले. कारण त्यातला आवाज शिकागोच्या 'ॲसिड हाऊस'सारखा होता आणि ते संगीत तर चरणजित सिंगांच्या नंतर काही वर्षांनी जन्माला आलं. यंत्र कुणा एका मुलखाची मिरास नाही. ते हाताशी येतं तिथं माणसं त्याला आपली चाल शिकवतात.

न्यू ऑर्डर आणि फॅक्टरी यांनी मिळून १९८२मध्ये मँचेस्टरच्या एका जुन्या गोदामवजा इमारतीत 'हासिएंडा' नावाचा क्लब उघडला. पुढच्या काही वर्षांत इंग्लंडचं नाचाचं संगीत तिथं वाढलं. व्यवहार मात्र कुणालाच जमत नव्हता. क्लबचं छिद्र बुजवायला बँडचा पैसा जात राहिला. १९९२मध्ये फॅक्टरी दिवाळखोरीत निघाली, १९९७मध्ये क्लब बंद झाला. आता त्या जागी त्याच नावानं फ्लॅट आहेत. गिरणीच्या जागेवर गिरणीचंच नाव लावून घरं विकायची ही कल्पना आपल्याकडच्या वाचकाला नवी वाटायची नाही.

*

आता मूळ विषयाकडं. २००१ आणि २००५ची रेकॉर्डं गिटारवर उभी होती. वाईट नव्हती, पण ती कुठलाही चांगला इंग्रज बँड करू शकला असता. गिल्बर्ट आजारी मुलीसाठी २००१मध्ये घरी बसली. २००७मध्ये पीटर हूक भांडून बाहेर पडला. हूकचं जाणं म्हणजे हात तुटण्यासारखं होतं, कारण तो बेस गिटार वरच्या सुरांत, धून म्हणून वाजवायचा. निम्मी गाणी त्याच्या बोटांवरून ओळखू यायची. भांडण कोर्टात गेलं आणि २०१७मध्ये मिटलं.

अशा वेळी जुन्या बँडपुढं सोपी वाट असते. आपल्याकडंही आहे. जुन्या नाटकाचा सुवर्णमहोत्सवी प्रयोग लावायचा, तीच पदं म्हणायची, 'वन्स मोअर' घ्यायचे. लोक डोळे पुसत घरी जातात. न्यू ऑर्डरला हे करता आलं असतं. सुरुवातीला त्यांनी दौऱ्यांवर थोडंफार केलंही. पण २०११मध्ये गिल्बर्ट परत आली आणि तिच्याबरोबर कीबोर्डही परत आले. बेसवर टॉम चॅपमन, गिटारवर फिल कनिंगहॅम. कंपनी नवी : 'म्यूट'. तिचा संस्थापक डॅनियल मिलर हा १९७८पासून यंत्रांच्या संगीतात मुरलेला माणूस. या जमवाजमवीतून 'म्युझिक कम्प्लीट' झालं आणि ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं.

रेकॉर्डची ओळख थोडक्यात करून देतो, तपशील टिपणांत आहेतच. 'रेस्टलेस' या पहिल्या गाण्यात गिटार आणि सिंथेसायझर एकमेकांना वाट देतात. 'सिंग्युलॅरिटी'ची सुरुवात जॉय डिव्हिजनच्या अंधारात होते आणि मग दारं उघडून ते नाचायला लागतं. पस्तीस वर्षांचा प्रवास एका गाण्यात घडतो. त्याच्या निर्मितीत केमिकल ब्रदर्सचा टॉम रोलंड्स आहे, म्हणजे ज्यांच्याकडून शिकला त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसलेला शिष्य. 'प्लॅस्टिक' आणि 'टुट्टी फ्रुट्टी' ही दोन निखळ नाचाची. 'स्ट्रे डॉग'मध्ये इगी पॉप खर्जातल्या आवाजात मजकूर बोलतो. जॉय डिव्हिजन ज्याची पूजा करत आले तो हा माणूस. शेवटचं 'सुपरहीटेड' ब्रँडन फ्लॉवर्स याच्याबरोबर आहे. त्याच्या 'द किलर्स' या बँडचं नावच न्यू ऑर्डरच्या एका चित्रफितीतून आलेलं. दोषही सांगतो. रेकॉर्ड तासाभराहून लांब आहे आणि शेवटच्या तिसऱ्या भागात वीण सैल पडते. चॅपमन चांगला वाजवतो. पण हूकची जागा कुठं होती, ते ऐकणाऱ्याला प्रत्येक गाण्यात कळतं.

तरीही मी हे रेकॉर्ड त्यांच्या उत्तम कामांत धरतो. समीक्षकांनी त्याचं कौतुक करताना 'इलेक्ट्रॉनिक वळण' असा शब्द वापरला. तो मला पटत नाही. वळण गिटारकडं घेतलं होतं. ही घरची वाट आहे. ज्यांच्या मुलखानं दीडशे वर्षं यंत्राच्या ठोक्यावर दिवस मोजला, त्यांच्या कानाला तो ठोका परका कसा असेल? फरक एवढाच की गिरणीत यंत्र माणसाला नाचवायचं आणि भोंगा वाजेपर्यंत सोडायचं नाही. इथं यंत्राचं बटण माणसाच्या हातात आहे. माझ्या मित्राचे वडील उतारवयात ऐकू कमी आल्यामुळं टीव्ही मोठ्यानं लावायचे. मागाच्या आवाजाबद्दल हळवं होण्याचा हक्क मला नाही, हे मी जाणतो. पण त्या आवाजातून सक्ती काढून टाकली तर खाली काय उरतं, ते या अकरा गाण्यांत ऐकू येतं.

*

शेवटी एका आक्षेपाला तोंड द्यायलाच हवं. सोलापुरात 'इलेक्ट्रॉनिक संगीत' म्हटलं की लोकांपुढं मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या भिंती उभ्या राहतात. छातीत धडधड, खिडक्यांची तावदानं थरथरतात, म्हातारी माणसं दारं लावून बसतात. मलाही लेझीमच बरी वाटते. पण दोष आवाज किती मोठा ठेवला याचा आहे, तो कशातून काढला याचा नाही. 'मशीनचं कसलं संगीत' हे वाक्य आपण याआधीही म्हणून झालोय. पेटी परदेशातून आली, तिला श्रुती येत नाहीत म्हणून आकाशवाणीनं १९४०मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि ती उठायला १९७१ साल उजाडलं. आज पेटीशिवाय नाट्यपद म्हणून दाखवा! इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याला नाकं मुरडणारे गवयीही आता तो पिशवीत घालूनच प्रवासाला निघतात.

पुढची टिपणं वाचण्याआधी वाचकाला एकच विनंती. रेकॉर्ड मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यात खालचे सूर येतच नाहीत. कानाला हेडफोन लावा, आवाज बेताचा ठेवा आणि पहिल्यांदा गायकाकडं लक्षच देऊ नका. तळाशी जी छोटी ओळ पुन्हा पुन्हा फिरते, ती पकडा. चार फेऱ्या झाल्या की पाचवीत काहीतरी बदललेलं असतं : एक सूर वाढलेला, एक ठोका गाळलेला. तो बदल तुमचा तुम्हाला सापडला, की मग माझं टिपण वाचा. नाही सापडला, तर गाणं पुन्हा लावा. टिपण कुठं पळून जात नाही.